दोन किल्ल्यांची मोहोर

१

मंगळवारी सकाळी लार्कमीड टाउन हॉलच्या पहिल्या मजल्यावर दोन किल्ल्या एकाच वेळी फिरल्या. तिजोरीचं दार उघडलं, आतली लाकडी पेटी टेबलावर आली आणि झाकण वर झालं. पेटीत काहीच नव्हतं. हिरव्या मखमलीत मोहोरेच्या आकाराचा खळगा तेवढा होता.

लार्कमीड ही लंडनमधली एक बरो, म्हणजे स्वतःची कौन्सिल असलेला शहराचा एक भाग. दीड वर्षापूर्वी तिचा कारभार इतका ढेपाळला की केंद्र सरकारनं वरून एक कमिशनर आणून बसवला. लोकांनी निवडून दिलेली कौन्सिल आणि तिची लीडर जागच्या जागी राहिली, पण जागा विकायची किंवा भाड्यानं द्यायची तर दोघांनीही हजर राहायचं असं ठरलं. एकमेकांवर विश्वास असता तर दोन सह्या पुरल्या असत्या. तो नव्हता, म्हणून तिजोरीला दुसरं कुलूप बसवलं. एक किल्ली लीडर तनया राजवाडे हिच्याकडे आणि दुसरी कमिशनर पेंब्रुक यांच्याकडे. दोन जावांनी एकाच फडताळाला दोन कुलपं लावावीत, तसला हा मामला होता.

मोहोर म्हणजे टेबलावरचा रबरी शिक्का नव्हे. लांब दांड्याचं, बिडाचं, जुन्या काळचं यंत्र. कागद त्यात धरून दांडा दाबला की कौन्सिलचं चिन्ह उमटायचं, आणि ते उमटल्याशिवाय इथल्या एका इंचाचीही मालकी बदलत नसे. नवी मोहोर करायची तर पूर्ण कौन्सिलचा ठराव हवा, म्हणजे महिना गेलाच.

त्या दिवशी कमिशनरांच्या आदेशानं विक्री होती मिल लेनवरच्या जुन्या लायब्ररीच्या इमारतीची. शुक्रवारी दुपारी बाराच्या आत मोहोर उठलेलं खत हातात पडलं नाही तर खरेदीदार मोकळा होणार होता. त्याला स्टेशनजवळ स्वस्तात दुसरी जागा मिळत होती, त्यामुळे तो थांबणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"माझी किल्ली एकटीनं हे कुलूप उघडत नाही," तनया म्हणाली.

"माझीही नाही," पेंब्रुक म्हणाले.

पेटी ने-आण करणारा अटेंडंट हरीश तांबट भिंतीला टेकून उभा होता. नियम म्हणजे नियम, म्हणून त्याला तिथल्या तिथे निलंबित केलं गेलं. पोलिसांना बोलवायचं कुणालाच नको होतं, कारण पोलिसांमागून वर्तमानपत्रं आली असती. मग चौकशी कुणी करायची? तनयाला कमिशनरचा माणूस नको होता आणि कमिशनरांना तनयाचा. गेल्या दीड वर्षात पहिल्यांदाच दोघांनी एकदम एकच नाव घेतलं.

"कल्याणी."

२

कल्याणी ओव्हाळ कौन्सिलच्या कायदा विभागात होती. हुशार होती, पण तिची निवड हुशारीमुळे झाली नव्हती. ती एकटी जेवायची, म्हणून झाली होती.

कमिशनर आल्यापासून टाउन हॉलचं कँटीन दोन भागांत वाटलं गेलं होतं. खिडकीकडे लीडरची माणसं, दाराकडे कमिशनरांची. कोण कुणाबरोबर सँडविच खातं यावरून बढत्यांचे अंदाज बांधले जात. कल्याणी आपला डबा जागेवरच उघडायची. तिला तत्त्व वगैरे काही पाळायचं नव्हतं, तिला कुणी बोलावलंच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नवरा, सुहास, गेला, मुलगा विहान मँचेस्टरला नोकरीला लागला, आणि पिनरच्या घरात आता तिचा आवाज फक्त रविवारी फोनवर निघायचा. बाकीचे दिवस कसे जातात हे तिला कुणी विचारलं नव्हतं.

एक गुरुवार मात्र वेगळा असे. गुरुवारी दुपारी ती मिल लेनवरच्या जुन्या लायब्ररीत जेवायला जायची. तिथे सुलक्षणा नेने नावाच्या निवृत्त डॉक्टरीणबाई 'शेजार' चालवायच्या. उतारवयाला लागलेले मराठी लोक, गल्लीतल्या दोन आयरिश आज्या, एक सोमाली मास्तर, सगळे एका लांब टेबलावर. डिसेंबरात तिथेच बाबासाहेबांच्या फोटोपुढे मेणबत्त्या लागायच्या आणि भाद्रपदात तिथेच मोदक व्हायचे. कल्याणीचं नाव नीट उच्चारणारी लंडनमधली ती एकमेव खोली होती.

आणि तीच खोली विकायची होती. मोहोर शुक्रवारच्या आत सापडली तर 'शेजार' संपणार. आणि ती शोधायचं काम तिच्याच गळ्यात पडलं होतं.

तिनं नाही म्हणायला हवं होतं. पण निलंबित झालेल्या हरीशचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोरून हलेना. तिनं कोट चढवला आणि विमानतळाजवळच्या हाउन्सलोला, हरीशच्या घराची वाट धरली.

३

हरीशच्या घरावरून विमानं इतकी खालून जात होती की वाक्य मध्येच थांबवावं लागे.

"मॅडम, एकवीस वर्षं ती पेटी उचलतोय मी," तो म्हणाला. "दोन हातांनी छातीशी धरून न्यावी लागते. त्या पेटीनंच माझी कंबर खाल्ली. चोरायची असती तर कंबर धड असताना नसती का चोरली?"

कल्याणीला हसू आलं. "शेवटची कधी उचललीस?"

"मागच्या गुरुवारी. शाळेच्या भाडेकराराला मोहोर मारायची होती. पेटी काढली, टेबलावर ठेवली, मोहोर मारून झाली. मग कमिशनरसाहेब म्हणाले, हरीश, खाली जाऊन टॅक्सीला थांब म्हणून सांग. ते दर गुरुवारी गावी जातात ना, तिकडे उत्तरेला. किंग्ज क्रॉसहून ट्रेन असते. त्यांची चाकांची बॅग पण खोलीतच होती. मी वर आलो तर तिजोरी बंद."

"मग पेटी आत ठेवली कुणी?"

"ते मी कसं सांगू? त्या दोघांपैकीच कुणीतरी. तिसरं कोणी नव्हतंच." तो थांबला, वरून एक विमान गेलं. "मॅडम, ते दोघं तिजोरीपाशी उभे राहतात ना, तेव्हा बघण्यासारखं असतं. ही त्याच्या किल्लीवर डोळा ठेवून, तो हिच्या किल्लीवर. पेटीकडे कोण बघतंय?"

परतीच्या ट्रेनमध्ये कल्याणी तेच घोळवत बसली. तिजोरी फोडलेली नव्हती. चोरीसाठी दोन वैऱ्यांच्या किल्ल्या एकत्र येणं अशक्य. मग उरत होती एकच गोष्ट. गुरुवारी तिजोरी बंद झाली तेव्हा मोहोर आत गेलीच नव्हती.

४

बुधवारी सकाळी ती पेंब्रुकांच्या खोलीत गेली. या खोलीत ती यापूर्वी कधी बसली नव्हती. भिंती उघड्या, टेबल उघडं. घरचा म्हणावा असा एकही फोटो नाही. खिडकीच्या कट्ट्यावर एक स्टीलचा डबा धुऊन पालथा घातला होता. त्यावर नाव कोरलेलं होतं, पण अक्षरं काचेकडे होती. देवनागरी आहेत आणि जरा तिरकी गेलेली आहेत, एवढंच तिला दिसलं. कुणी भारतीय सहकाऱ्यानं दिवाळीला फराळ दिला असेल, असं तिनं मनाशी म्हटलं.

पेंब्रुक हे लालबुंद चेहऱ्याचे, आडव्या बांध्याचे गृहस्थ. टाउन हॉलमध्ये त्यांना सगळे कमिशनरच म्हणत, तोंडावर आणि पाठीमागेही. त्यांचं पाळण्यातलं नाव बहुधा पगारपत्रकाखेरीज कुठे नसावं.

"हरीशचा यात संबंध नाही," तिनं विचारायच्या आतच ते म्हणाले. "तो खोलीत नव्हता. त्याला कामावर परत घ्या असं मी लेखी कळवलंय. लीडरबाई ऐकत नाहीत."

"पेटी आत कुणी ठेवली?"

"लीडरबाईंनी. मी स्वतः पाहिलं."

"आणि तुम्ही काय करत होतात?"

"त्यांच्या किल्लीवर लक्ष ठेवत होतो. माझ्या पगारात ते काम येतं."

कल्याणी उठली तसे तेही उठले, आणि दारापर्यंत येऊन एकदम म्हणाले, "तुम्ही जेवलात का?"

सकाळचे दहा वाजले होते. इंग्रज माणूस असं विचारत नाही. "अजून नाही," ती म्हणाली आणि बाहेर पडली. संशयाची सुई आता सरळ तनयाकडे वळत होती, आणि तनयाला ती तिच्या लहानपणापासून ओळखत होती.

५

तनया हॅरोमध्ये जन्मलेली, डॉक्टर आईबापांची लेक. विक्रीविरुद्ध तिनं सभेत असं भाषण केलं होतं की म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले होते. मोहोर लपवायचं कारण या बरोत कुणाकडे असेल तर ते तिच्याकडे, असं सगळा टाउन हॉल धरून चालला होता.

तिनं दार लावून घेतलं. दार लागलं की ती मराठीत बोलायची.

"मावशी, चहा घ्याल ना? पण केटल तुम्ही उचला, प्लीज. माझा मनगट अजून होपलेस आहे." सायकलवरून पडल्यापासून गेले तीन आठवडे तिच्या उजव्या मनगटाला पट्टा होता, आणि तिच्या डाव्या हातात काही राहत नसे.

कल्याणीनं चहा ओतला. "गुरुवारचं सांग मला."

"स्कूलच्या लीजला सील मारला. मग मी विंडोपाशी जाऊन डॉक्युमेंटचा फोटो काढला, पोस्ट करायला. टर्न केलं तर कमिशनरनी बॉक्स बंद करून रेडी ठेवला होता. हरीश नव्हता. ते म्हणाले, यू डू द ऑनर्स. मग मीच ठेवला आत."

"तू ठेवलीस? या हातानं?"

"डाव्या हातानं. हँडल आहे ना त्याला. का?"

कल्याणीनं कप खाली ठेवला. "आणि तू त्याआधी ती पेटी कधी उचलली होतीस?"

"मी कशाला उचलेन? दॅट्स हरीशचा जॉब."

चहाची केटल न पेलणारी मुलगी हरीशची कंबर खाणारी पेटी एका हातानं उचलून आत ठेवते, आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. चोर असती तर ही गोष्ट तिनं जन्मात सांगितली नसती. पेटी रिकामी होती. आणि ती रिकामी आहे हे ओळखायला ती आधी एकदा तरी भरलेली उचलावी लागते. लीडर आणि कमिशनर मोहोर मारतात, उचलत नाहीत. दीड वर्ष दोघं तिच्या हक्कावरून भांडत होते, पण वजन एकट्या हरीशला माहीत होतं.

एकट्या हरीशला आणि त्या गुरुवारी ज्यानं ती पेटीतून काढली त्याला.

"मावशी, एक ऑनेस्टली सांगू?" तनया खाली बघत म्हणाली. "प्लीज शोधा तो सील. ती बिल्डिंग विकली गेली की माझ्या बजेटमधला होल भरतो. केअर होम्स वाचतात. मी सेल नाही थांबवू शकत, मला थांबवायचा पण नाही."

"मग ते भाषण?"

"विकणारा तो आहे ना. मी विरोध केला तर कुणाला काय लॉस?"

कल्याणीला राग यायला हवा होता, पण ती मनाशी हिशेब जुळवू लागली. सरकारनं पाठवलेला माणूस विकायला आला होता, त्यानं मोहोर लपवली. लोकांनी निवडून दिलेली बाई वाचवायला उभी होती, तिला विक्री हवी होती. सगळं उलटं लागत होतं, आणि पेंब्रुकांना ती इमारत वाचवून काय मिळणार होतं?

६

उत्तर गुरुवारी 'शेजार'मध्ये आमटीबरोबर वाढलं गेलं.

जेवणं उरकल्यावर सुलक्षणाताई ओट्यावर डबे मांडत होत्या. उरलेलं अन्न त्या एकट्या राहणाऱ्यांबरोबर घरी पाठवत. प्रत्येक डब्यावर कोरलेलं होतं, 'सौ. सुलक्षणा नेने, पुणे.' रुखवतातले डबे ते. पेंब्रुकांच्या खिडकीत दिसलेली तीच जरा तिरकी गेलेली अक्षरं.

"ताई, यातला एखादा बाहेर आहे का?"

"एक आहे ना. ॲलनकडे." सुलक्षणाताई हसल्या. "तुझी गाठ नाही पडायची, तो बुधवारी संध्याकाळी येतो. मागच्या हिवाळ्यात इमारतीची मोजमापं घ्यायला आला होता. सर्व्हेअर असेल कुणीतरी. टेप हातात घेऊन उभा, आणि चेहरा असा पडलेला की म्हटलं, तुम्ही जेवलात का? बसवला आणि वाढलं. तेव्हापासून येतो. सगळी भांडी घासतो, कुणाला हात लावू देत नाही."

"कुठला आहे?"

"न्यूकॅसलच्या बाजूचा. बायको गेली त्याची. दर गुरुवारी गावी जातो म्हणाला, रिकाम्या घराला चक्कर मारून यायला. आणि बघ, डबा कधी रिकामा आणत नाही. कुणी सांगितलं नव्हतं, पण पहिल्याच खेपेला आत साखर घालून आणली." त्यांनी कल्याणीकडे नीट पाहिलं. "तू जेवली नाहीस आज. काय झालंय?"

कल्याणीनं काही नाही म्हटलं आणि ते त्यांना पटलं नाही.

७

शुक्रवारी सकाळी नऊला ती पेंब्रुकांच्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. डब्यावरची अक्षरं तिनं खिडकीत न जाताच मोठ्यानं म्हणून दाखवली.

ते खुर्चीत मागे टेकले. "असं लिहिलंय होय त्यावर," ते म्हणाले. "मला कधी विचारायचं धाडस झालं नाही."

"टॅक्सी आधीच सांगितलेली होती, तरी हरीशला तुम्ही खाली पाठवलंत. तनया फोटो काढत होती तेवढ्यात मोहोर तुमच्या बॅगेत गेली. रिकामी पेटी तुम्ही तिच्या हातात दिलीत, कारण तिला वजन माहीत नव्हतं. तुम्ही स्वतः ठेवली असती तर मी हे कधीच ओळखलं नसतं."

"मला वाटलं, दोघांचा हात लागलेला बरा. ती माझ्यावर ढकलेल, मी तिच्यावर, आणि आठवडा निघून जाईल. हरीशला घरी बसवतील हे डोक्यात आलं नाही. मोठ्या हुद्द्यावर राहून हे असं होतं."

"आदेश तुमचाच होता. मागे घ्यायचा होतात."

"मी घेतला असता तर मला परत बोलावून सोमवारी दुसरा कमिशनर आणला असता, आणि त्यानं त्याच दिवशी विकली असती. तो मिल लेनला जेवलेला नसता." त्यांनी चष्मा काढून पुसला. "खरेदीदार गेला की पुढचा मिळायला वर्ष जातं. वर्ष पुष्कळ आहे हो. त्या टेबलावर काहींना तेवढंही नाही."

कल्याणीनं मनगटावरचं घड्याळ पाहिलं.

"मोहोर मी राहतो त्या हॉटेलच्या कपाटात आहे. बारा वाजून गेले की मी स्वतः वर कळवतो, राजीनामा देतो, हरीश त्याच मिनिटाला मोकळा होतो. तुम्ही फक्त दुपारपर्यंत थांबा. नाहीतर आत्ता फोन उचला. मी अडवणार नाही."

तिच्या बॅगेत फोन वाजला. तनया होती.

"मावशी, काही कळलं? खरेदीदाराचे सॉलिसिटर्स खाली बसलेत."

कल्याणीनं समोरच्या माणसाकडे पाहिलं. नोकरीत तिनं कधी कुणाची बाजू घेतली नव्हती. तेवढंच तिचं भांडवल होतं, आणि त्याच्याच जोरावर हे काम तिच्याकडे आलं होतं. मिल लेनचं लांब टेबल तिच्या डोळ्यांपुढे आलं. तनयाची केअर होम्सही आली. तिथेही म्हातारी माणसंच होती.

"अजून नाही," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

पेंब्रुक उठले आणि त्यांनी न विचारता चहा केला. दोघं समोरासमोर बसले. बोलायला दीड वर्षाचं साचलेलं होतं, पण सुरुवात कुठून करायची ते दोघांनाही सुचलं नाही. टाउन हॉलच्या घड्याळात बाराचे ठोके पडले. खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग पेंब्रुकांनी फोन जवळ ओढला आणि शांतपणे सगळं सांगितलं, एक कल्याणीचं नाव सोडून.

ते नाव तिनं स्वतःच सांगितलं. नंतर चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, तुम्हाला खात्री कधी झाली? ती म्हणाली, शुक्रवारी सकाळी नऊला. त्यानं लिहायचं थांबवून वर पाहिलं आणि पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं.

८

हरीश कामावर परतला. मोहोरही परतली. नवा कमिशनर आला, तो तिजोरी बंद करण्यापूर्वी पेटी उघडून बघतो म्हणतात. तनयानं 'शेजार' वाचल्याचा आनंद व्यक्त करणारं पत्रक काढलं आणि कल्याणीचा फोन उचलणं बंद केलं. कल्याणी घरी बसली होती. चौकशी पुरी होईपर्यंत टाउन हॉलमध्ये पाऊल टाकायचं नाही, अशी ताकीद होती. खिडकीकडच्या टेबलाला ती नको होती आणि दाराकडच्यालाही. विहानला तिनं रविवारी एवढंच सांगितलं, की सध्या रजेवर आहे.

आता ती आठवड्यातून दोनदा मिल लेनला जायची. बुधवारी लोक कमी असत. अशाच एका बुधवारी जेवणं झाली, माणसं पांगली, आणि बेसिनमध्ये ताटांचा ढीग तसाच राहिला. सुलक्षणाताई बाह्या वर करत पुढे झाल्या.

"ॲलन यायचाच बंद झाला बघ," त्या म्हणाल्या. "आजारी तर नसेल? नंबरही घेतला नाही मी कधी. तू त्याची चौकशी करत होतीस ना त्या दिवशी. ओळखतेस का त्याला?"

"ओळखते," कल्याणी म्हणाली. "तो गावी परत गेला. नोकरी सुटली त्याची."

"अरेरे. फार एकटा होता गं. इथे बोलायचा थोडं, पण ऑफिसात म्हणे जेवायलासुद्धा कुणी बरोबर नसायचं. कुठल्या ऑफिसात होता कुणास ठाऊक."

कल्याणीनं नळ सोडला आणि पहिलं ताट हातात घेतलं.

"माझ्याच," ती म्हणाली. "माझ्या खोलीपासून तिसरं दार."